चौघे मंचावर नसतात, तरी मैफल होते: ॲबाच्या अवतारांचा प्रयोग समजून घेताना

लंडनच्या पूर्व भागात, क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कमध्ये, २७ मे २०२२ पासून संगीताचा एक प्रयोग सुरू आहे. ॲबा या स्वीडिश पॉप गटाचे चार कलावंत त्यात सुमारे दीड तास गातात, नाचतात, दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांशी बोलतात आणि समोरचे तीन हजार लोक त्यांच्याबरोबर गात राहतात. ते चौघे त्या वेळी त्या इमारतीत नसतात. आज त्यांनी पंचाहत्तरी गाठली किंवा ओलांडली आहे. मंचावर मात्र दिसतात ते १९७९ सालातले, तिशीच्या आसपासचे.

पुण्यात ॲबाचे चाहते दोन पिढ्यांचे आहेत. एक पिढी कॅम्पातल्या घरांत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत तबकड्या आणि कॅसेटी ऐकत वाढली. दुसऱ्या पिढीला ही गाणी २००८ च्या ‘मामा मिया’ चित्रपटामुळे माहीत झाली. मुलांकडे लंडनला जाऊन येणारे कोथरूड-औंधमधले पालक हा प्रयोग पाहून येतात, आणि मग चाहत्यांच्या गप्पांत ‘कोणते गाणे सर्वांत चांगले झाले’ या प्रश्नाआधी हमखास एक वेगळाच प्रश्न येतो: तिथे गात नेमके कोण होते? कोणी म्हणतो होलोग्राम होता, कोणी म्हणतो तो निव्वळ सिनेमा, कोणी म्हणतो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आवाज. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे उत्तर थोडे लांब आहे, पण ते कळले म्हणजे आपल्याकडे गायकांच्या आवाजांवरून आणि चेहऱ्यांवरून न्यायालयांत जे खटले उभे राहत आहेत, तेही अधिक नीट समजतात.

आधी थोडे ॲबाविषयी

आन्येथा फेल्टस्कोग, ब्यॉर्न उल्वेयस, बेनी अँडरसन आणि आनी-फ्रिड (फ्रिडा) लिंगस्टाड हे ते चौघे. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत ‘वॉटरलू’ या गाण्याने ते जिंकले आणि पुढची आठ वर्षे जगभर ऐकले गेले. १९८२ च्या अखेरीस त्यांनी एकत्र काम करणे थांबवले. भारतात त्यांचे नाव माहीत नसलेल्यांनीही त्यांची एक चाल ऐकलेली असते: १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’ मधले ‘मिल गया हमको साथी मिल गया’ हे राहुल देव बर्मन यांचे गाणे ॲबाच्या ‘मामा मिया’ या मूळ गाण्याच्या चालीवर बेतलेले आहे.

जवळजवळ चाळीस वर्षांनंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, चौघांनी ‘व्हॉयेज’ हा नवा अल्बम काढला आणि त्याच नावाचा हा प्रयोग पुढच्या वर्षी सुरू झाला. पुन्हा दौरे करण्याची त्यांची इच्छा नव्हती. आपल्याऐवजी आपले अवतार मंचावर जातील, असे त्यांनी ठरवले. अवतार म्हणजे संगणकाच्या साहाय्याने घडवलेली, पण खऱ्या माणसाच्या हालचालींवर उभी केलेली प्रतिमा. या लेखात हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

होलोग्राम नव्हे, मग काय?

होलोग्राम ही भौतिकशास्त्रातली एक निश्चित गोष्ट आहे. डेनिस गॅबोर यांनी ती १९४७ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशाची संपूर्ण नोंद करून ती वस्तू पुन्हा त्रिमितीत दिसेल अशी ही पद्धत आहे. मैफलीच्या मंचावर माणसाएवढा, हलता, रंगीत होलोग्राम उभा करणे अजून कोणाला साधलेले नाही.

ज्याला लोक होलोग्राम म्हणतात, ते बहुतेक वेळा फार जुने नाट्यतंत्र असते. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी मंचावर तिरकी काच लावून, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उभ्या असलेल्या नटाचे प्रतिबिंब मंचावर भूत म्हणून दाखवले होते. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात, १९९६ मध्ये मरण पावलेला रॅप गायक टुपाक शकूर मंचावर ‘आला’ तो याच तत्त्वाने. काचेऐवजी पातळ पारदर्शक पडदा होता, एवढाच फरक. त्याच वर्षीच्या गुजरात विधानसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी यांची भाषणे एकाच वेळी अनेक ठिकाणी ‘थ्रीडी’ म्हणून दाखवली गेली, तीही प्रतिबिंबाचीच किमया होती.

लंडनमध्ये यांपैकी काहीही नाही. तिथे एक प्रचंड एलईडी पडदा आहे, सुमारे साडेसहा कोटी प्रकाशबिंदूंचा. घरातल्या चांगल्या फोर-के दूरचित्रवाणी संचावर साधारण त्र्याऐंशी लाख प्रकाशबिंदू असतात, म्हणजे तसे जवळजवळ आठ संच जोडल्यावर जेवढे बारकावे दिसतील तेवढे एका पडद्यावर. मंचावरचे अवतार हे त्या पडद्यावरचे सपाट चित्रच असते. ते सपाट वाटत नाही याची कारणे पुढे येतात; त्याआधी ते चित्र कसे घडले ते पाहू.

चेहरा, अंग आणि आवाज: तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेले

स्टॉकहोममध्ये पाच आठवडे हे चौघे अंगाला घट्ट बसणारे, खुणांचे ठिपके लावलेले पोशाख घालून गात आणि हालचाली करत होते. चेहऱ्यावरही ठिपके होते. त्यासाठी ब्यॉर्न आणि बेनी यांना दाढी काढावी लागली. भोवती सुमारे १६० कॅमेरे होते. ओठ कसे वळतात, भुवई कधी उचलली जाते, एखाद्या ओळीवर मान किती कलते, याची नोंद हे कॅमेरे करत होते. या पद्धतीला मोशन कॅप्चर म्हणतात. मराठीत हालचालींची नोंद म्हटले तरी पुरे. तिच्यात छायाचित्र टिपलेले नसते, फक्त ठिपक्यांचा प्रवास टिपलेला असतो. हा प्रवास नंतर कोणत्याही वयाच्या संगणकीय देहाला देता येतो.

पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर तिशीतल्या माणसासारखे हलत नाहीत. म्हणून नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगर यांनी तरुण कलावंतांचा एक संच निवडला. मूळ चौघे कसे उभे राहतात, कसे वळतात हे त्या तरुणांनी शिकून घेतले आणि त्यांच्या अंगाच्या हालचालींचीही नोंद झाली. मग ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकास यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेच्या कलाकारांनी जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती समोर ठेवून १९७९ मधले चेहरे घडवले. अवतारांच्या पोशाखांवर काम करणाऱ्यांत मनीष अरोरा हे भारतीय वेशभूषाकारही होते, हे पुण्यातल्या पुष्कळ चाहत्यांना माहीत नसते.

आवाजाची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक गाण्यांतला आवाज मूळ ध्वनिमुद्रणांतून घेतलेला आहे. त्या काळी स्टुडिओत गायन आणि प्रत्येक वाद्य फितीच्या स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रित होत असे. म्हणून आज वाद्ये बाजूला ठेवून केवळ गळा वेगळा काढता येतो. तो गळा यंत्राने नव्याने बनवलेला नाही. १९७५ साली आन्येथा आणि फ्रिडा यांनी स्टुडिओत ‘डान्सिंग क्वीन’ गायले, तेच गाणे आज लंडनमध्ये ऐकू येते.

ज्यांच्या घरी उभ्याच्या गौरी असतात त्यांना हे सारे समजणे अवघड जाऊ नये. मुखवटा कुठून तरी पिढ्यान्‌पिढ्या आलेला असतो, आतला सांगाडा सुताराकडून किंवा बाजारातून आणलेला असतो, साडी यंदाची नवी असते, दागिने घरच्या बाईच्या अंगावरचे असतात आणि निऱ्या बसवणारे हात आणखी कोणाचे. तरीही आवाहन झाल्यावर घरात गौर आलेली असते, आणि तिला विसर्जनाच्या दिवशी निरोप देताना जड जाते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या गोष्टी जेव्हा पुरेशा निगुतीने एकत्र बांधल्या जातात, तेव्हा पाहणारा त्यांचे सांधे शोधत बसत नाही. अवताराचा चेहरा जुन्या छायाचित्रांतून, भाव वृद्ध कलावंतांकडून, पावले तरुण नर्तकांकडून आणि आवाज जुन्या फितींतून आलेला आहे. निगुतीचे हे काम शेकडो माणसांनी काही वर्षे केले. यंत्राने एका रात्रीत केलेली ही गोष्ट नव्हे, आणि तिच्याविषयी मला वाटणाऱ्या आदराचे पहिले कारण हेच आहे.

सपाट पडदा सपाट का वाटत नाही?

माणसाच्या चेहऱ्यासारखी, पण किंचित चुकलेली प्रतिमा पाहिली की आपल्याला अस्वस्थ वाटते. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये याचे वर्णन केले होते: प्रतिकृती माणसाच्या जवळ जात असताना आपुलकी वाढत जाते, पण अगदी जवळ पोहोचण्याच्या आधी ती एकदम कोसळते. संगणकीय चेहऱ्यांच्या अनेक चित्रपटांचे नुकसान या खड्ड्यात पडून झाले. लंडनच्या प्रयोगाने तो कसा ओलांडला, हे पाहण्यासारखे आहे.

मंचाच्या मध्यभागी दिसणारे अवतार माणसाच्या खऱ्या उंचीचे ठेवले आहेत. प्रेक्षकापासून ते इतके दूर असतात की चेहऱ्याचे बारकावे तपासायला डोळा पोहोचतच नाही. बारकावे दिसतात ते बाजूच्या विस्तीर्ण भागांत, जिथे कोणत्याही मोठ्या मैफलीप्रमाणे जवळून घेतलेली दृश्ये चालतात. आणि तिथे आपण पडदाच पाहत आहोत हे मनाने आधीच मान्य केलेले असते. संशयाला जागा उरू नये यासाठी अंतराचा केलेला हा उपयोग मला सर्वांत हुशारीचा वाटतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. सभागृहात सुमारे ५०० हलते दिवे आहेत. पडद्यातल्या जगात अवतारावर डावीकडून निळा झोत पडत असेल, तर त्याच क्षणी सभागृहातला खरा दिवाही डावीकडून निळा झोत टाकतो आणि तो प्रेक्षकांच्या अंगावरही पडतो. आपल्या हातावर पडलेला रंगच समोरच्या माणसाच्या खांद्यावर दिसला, की मेंदू दोघांना एकाच जागेत असल्याचे धरून चालतो. यासाठी पडदा, दिवे आणि इमारत यांचा विचार एकत्रच करावा लागला. ती इमारत याच एका प्रयोगासाठी बांधलेली आहे आणि गरज पडल्यास सुटी करून दुसरीकडे उभारता येईल अशी आहे.

तिसरी गोष्ट वादकांची. मंचाच्या एका बाजूला दहा जणांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत असतो. ढोलकाठीचा आघात छातीत जाणवतो तो खरा असतो, वादकाला आलेला घाम खरा असतो. ‘डझ युअर मदर नो’ हे गाणे तर हाच वाद्यवृंद अवतारांशिवाय सादर करतो, आणि ‘ईगल’च्या वेळी पडद्यावर अवतारांऐवजी चितारलेली गोष्ट चालते. डोळ्यांना अशी विश्रांती दिली नसती, तर नवलाई पहिल्या अर्ध्या तासातच ओसरली असती. पुण्याहून जाणाऱ्याने बसायची जागा घ्यावी की उभ्याने नाचायची, हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे: उभ्याच्या जागेतून वादक आणि दिवे अंगावर येतात, वरच्या आसनांतून मंचाची पूर्ण रचना दिसते.

‘पण हे शेवटी रेकॉर्डिंगच ना?’

हा आक्षेप पुण्यात सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो टाळून चालणार नाही. अवतारांचा भाग आधीच तयार केलेला असतो, हे खरे आहे. त्यांना प्रेक्षक ऐकू येत नाहीत. टाळ्या कमी पडल्या म्हणून ते गाणे बदलत नाहीत, कोणी फर्माईश केली म्हणून थांबत नाहीत. दोन गाण्यांमधले त्यांचे बोलणेही ठरलेले असते. मुकुंदनगरला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात बसून ज्यांनी एखाद्या गायकाला समोरच्या श्रोत्याची दाद घेऊन तानेची दिशा बदलताना ऐकले आहे, त्यांना यात काहीतरी मूलभूत हरवल्यासारखे वाटले तर ते योग्यच आहे.

मात्र कोणत्या संगीतात काय हरवते, हे वेगवेगळे असते. ख्यालगायकाची बंदिश ओळखीची असली तरी तिचा विस्तार त्या संध्याकाळी घडतो. उपज हाच त्याचा गाभा आहे. म्हणून कोणी उद्या एखाद्या दिवंगत ख्यालगायकाचा अवतार करून जुन्या ध्वनिमुद्रणावर ओठ हलवले, तर त्या मैफलीतून गाभाच काढून घेतलेला असेल. ॲबाचे संगीत याच्या उलट टोकाचे आहे. ते स्टुडिओत घडलेले संगीत आहे. त्यांचे ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटोव यांनी एकाच गळ्याचे अनेक थर एकमेकांवर चढवले, फितीची गती किंचित बदलून तोच आवाज दाट केला. पियानो, गिटार आणि स्वर मिळून एक भिंत उभी राहील अशी रचना केली. त्या थरांतला भरणा चार माणसे मंचावर उभी राहून तंतोतंत देऊ शकत नव्हती. तेव्हा ध्वनिमुद्रित गळा आणि प्रत्यक्ष वादक यांची सांगड या संगीताच्या स्वभावाला धरूनच आहे.

आपल्याला तर या गोष्टीची सवय फार पूर्वीची आहे. १९३५ मध्ये हिंदी-बंगाली चित्रपटांत पार्श्वगायन आले, आणि तेव्हापासून एकाचा गळा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ऐकण्यात आपल्याला कधी फसवणूक वाटली नाही. पडद्यावरची नायिका गात नाही हे माहीत असूनही गाण्याने आपले डोळे भरून येतात. ॲबाच्या प्रयोगात निदान गळा आणि चेहरा एकाच व्यक्तीचा आहे.

इथे पुण्यातल्या एका बदलाची आठवण देणे भाग आहे. बालगंधर्व रंगमंदिरात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यांतले पुष्कळ आता ‘ट्रॅकवर’ होतात. म्हणजे गायक समोर गातो आणि वाद्ये आधी मुद्रित केलेली असतात. खर्च वाचतो, पण व्हायोलिन, ॲकॉर्डियन, ढोलक वाजवणाऱ्यांची संध्याकाळची बिदागी जाते. लंडनमध्ये नेमके उलटे आहे: गळा मुद्रित आहे आणि वाद्ये प्रत्यक्ष आहेत. अवतारांच्या मैफली जिवंत कलावंतांची भाकरी हिरावतील, ही भीती बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की यंत्र कोणाला बाहेर काढणार हे यंत्र ठरवत नाही, कार्यक्रम करणारा ठरवतो. लंडनच्या निर्मात्यांना वाद्येही मुद्रित वाजवता आली असती. त्यांनी दहा माणसे मंचावर बसवली, आणि प्रयोगातला अर्धा जीव त्या दहा जणांत आहे.

आवडते गाणे यादीत का नव्हते?

चाहत्यांच्या चर्चेतला सर्वांत रंगणारा भाग हा. सुरुवातीच्या यादीत साधारण वीस गाणी होती. आरंभ ‘द व्हिजिटर्स’ने, १९८१ च्या त्याच नावाच्या अल्बममधल्या गूढ, काहीशा भयग्रस्त गाण्याने. ‘एसओएस’, ‘नोइंग मी, नोइंग यू’, ‘चिकिटिटा’, ‘फर्नांडो’, ‘मामा मिया’, ‘ले ऑल युअर लव्ह ऑन मी’, ‘गिमी! गिमी! गिमी!’ ही त्यात होती. नव्या अल्बममधली ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ आणि ‘डोन्ट शट मी डाउन’ होती. आणि अखेरीकडे ‘डान्सिंग क्वीन’ व त्यानंतर ‘द विनर टेक्स इट ऑल’. नव्हते ते ‘सुपर ट्रूपर’. इतके लोकप्रिय गाणे वगळल्याचा राग अनेकांना होता.

साध्या मैफलीत गाणे घालणे म्हणजे दोन दिवसांची तालीम. अवतारांच्या मैफलीत एका गाण्यासाठी चेहऱ्याचा प्रत्येक भाव, केसांची प्रत्येक हालचाल, कापडाची प्रत्येक सुरकुती आणि तिच्यावर पडणारा प्रकाश संगणकाकडून चित्रामागून चित्र असा मोजून घ्यावा लागतो. या कामाला रेंडरिंग म्हणतात. अशी प्रत्येक सेकंदाला डझनावारी चित्रे, आणि ती त्या प्रचंड पडद्याच्या मापाने. त्यात कलाकारांचे काही महिने जातात आणि पैसाही तसाच लागतो. म्हणून यादी एकदा ठरली की ती नाटकाच्या संहितेसारखी घट्ट होते. मे २०२५ मध्ये, प्रयोगाला तीन वर्षे झाली तेव्हा, ती उघडली गेली आणि ‘सुपर ट्रूपर’सह काही गाणी आत आली.

माझे मत विचाराल, तर या यादीचे मोल लोकप्रियतेच्या हिशेबात शोधू नये. ‘द व्हिजिटर्स’ने आरंभ करण्यात धाडस आहे, कारण ज्यांना ॲबा म्हणजे चमकत्या कपड्यांतला आनंद एवढेच ठाऊक आहे त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगितले जाते की या गटाची एक काळोखी बाजूही आहे. अखेरचे ‘द विनर टेक्स इट ऑल’ हे १९८० सालचे. ब्यॉर्न आणि आन्येथा यांचा विवाह मोडल्यानंतरच्या काळात ब्यॉर्न यांनी लिहिले आणि आन्येथा यांनी गायले. हरलेल्या बाजूचे ते गाणे तिने इतक्या संयमाने म्हटले आहे की आजही त्यात एक सूर जास्तीचा वाटत नाही. तिशीतल्या चेहऱ्यावर तो आवाज ऐकताना, त्या चेहऱ्यामागचे भाव मात्र सत्तरीतल्या बाईने स्वतः उभे राहून दिलेले आहेत, हे ठाऊक असले तर गाणे आणखी खोल जाते. म्हणून तंत्र समजून घेतल्याने जादू ओसरते, हे पुण्यातल्या काही मित्रांचे म्हणणे मला पटत नाही.

‘चिकिटिटा’ आवडणाऱ्यांसाठी एक तपशील: जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या सभागृहात युनिसेफसाठी झालेल्या मैफलीत ते गायले गेले आणि त्याच्या स्वामित्वधनातला वाटा त्या संस्थेला दिला गेला. ‘गिमी! गिमी! गिमी!’ची सुरावट मॅडोना यांनी परवानगी घेऊन २००५ मध्ये ‘हंग अप’मध्ये वापरली. परवानगीचा हा धागा पुढच्या प्रश्नाकडे नेतो.

पुण्यात असे काही होईल का?

या प्रयोगाचा खर्च सुमारे १४ कोटी पौंड झाला, म्हणजे १,३०० कोटी रुपयांहून अधिक. इमारत, पडदा आणि दिवे एकमेकांत गुंतलेले असल्याने स्वारगेटजवळच्या गणेश कला क्रीडा रंगमंचात तो आणून लावता येणार नाही. पण अवताराचे स्वस्त प्रकार येतीलच. जपानमध्ये २००९ पासून हात्सुने मिकू ही मुळातच काल्पनिक गायिका मैफली भरवते आहे. दक्षिण कोरियात प्लेव्ह हा अवतारांचाच गट २०२३ पासून गातो आहे. आवाजाची नक्कल करणारे तंत्र तर घरच्या संगणकावर पोहोचले आहे. म्हणून आपल्याकडे पहिला अवतार कोणाचा होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही: ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात, अशा दिवंगत गायकांचा.

कलावंत हयात नसेल तर?

ॲबाच्या चौघांनी होकार दिला, स्वतः ठिपक्यांचे पोशाख घातले, गाणी निवडण्यात भाग घेतला, आणि मिळकतीत त्यांचा वाटा आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रयोगाचा कणा हाच आहे. टुपाकच्या बाबतीत त्याचा होकार असणे शक्यच नव्हते. पडद्याच्या तंत्रापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि चाहत्यांनी प्रत्येक नव्या अवताराविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा, असे मला मनापासून वाटते.

जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा घडवले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. हे प्रामाणिकपणे केलेले काम होते. तरीही एक अवघड मुद्दा उरतो: गायकाने जे गाणे कधी पाहिलेच नाही, ते त्याच्या गळ्यातून काढण्याचा अधिकार कुटुंबाला देता येतो का? जुने ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवणे आणि नवे गाणे गाऊन घेणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात कलावंताचा निर्णय शाबूत असतो. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द सोडून द्यायचा हे त्याने ठरवलेले असते. दुसऱ्यात तो निर्णय दुसऱ्याच कोणाचा असतो आणि नाव मात्र त्याचे लागते.

हयात कलावंतांच्या बाजूने आपली न्यायालये उभी राहू लागली आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची संगणकीय नक्कल पुरवणाऱ्यांना मनाई केली, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तशाच प्रकारचे संरक्षण दिले. आवाज, नाव, चेहरा, लकब या माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहेत आणि त्यांचा व्यापारी वापर त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, असा या आदेशांचा आशय आहे. यालाच व्यक्तिमत्त्वाचा हक्क म्हणतात.

मृत्यूनंतर हा हक्क कोणाकडे जातो, हा प्रश्न मात्र कुटुंबांना वाटतो तितका सोपा नाही. सुशांत सिंह राजपूत यांच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये असे मत दिले की हे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात, वारसांना मिळत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलावंताला स्वतंत्र हक्क आहे आणि तो सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतो. पण तो प्रत्यक्ष केलेल्या सादरीकरणाला लागू होतो, त्याच्या गळ्यावरून यंत्राने नव्याने घडवलेल्या गाण्याचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा ‘आम्ही वारस आहोत, आम्ही परवानगी देतो’ किंवा ‘देत नाही’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाच्या पायाखालची जमीन आज भक्कम नाही.

पुण्यात गाणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि नाटकांत काम करणाऱ्या कलावंतांनी म्हणून आजच, हयात असताना, हे लेखी ठरवून ठेवावे: माझ्या मुद्रित आवाजावरून नवे गाणे करता येईल की नाही, माझा चेहरा कोणत्या वयाचा दाखवता येईल, किती वर्षे, कोणत्या प्रकारच्या कार्यक्रमात, आणि पैसे कोणाला मिळतील. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या करारांत ‘सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ अशा अर्थाचे एक वाक्य बहुधा असते. सही करण्याआधी त्या वाक्यावर बोट ठेवून त्यात अवतार आणि आवाजाची नक्कल येते का, हे वकिलाला विचारावे आणि येत असेल तर ते वगळल्याचे त्याच करारात लिहून घ्यावे.